चौकात कोण बसतं, ते मोजू या

मागच्या उन्हाळ्यात सुट्टी काढून पुण्याहून घरी गेलो होतो. घर औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला. एका संध्याकाळी अम्मी, आपा आणि आपाची दहा वर्षांची मुलगी यांच्याबरोबर पाणचक्कीला गेलो. लहानपणी शंभर वेळा पाहिलेली जागा, म्हणून मी एका कोपऱ्यात बसून मोबाईलवर ऑफिसचे मेल बघत राहिलो. तासाभराने मान वर केली तर आमच्यापैकी कुणी उठायचं नाव घेत नव्हतं. अम्मी वडाच्या सावलीत चप्पल काढून बसली होती. आपा एका अनोळखी बाईशी मुलांच्या शाळेबद्दल बोलत होती. भाची पाण्यातले मासे मोजत होती. आजूबाजूला बुरख्यातल्या, साडीतल्या, जीन्समधल्या कितीतरी बायका तशाच निवांत बसलेल्या.

परतताना आमच्या मोहल्ल्याचा चौक लागला. चहाचं हॉटेल, त्याच्या बाहेरचा कट्टा, पानटपरी, आडव्यातिडव्या उभ्या मोटरसायकली. आपाने भाचीचा हात धरला आणि चालण्याचा वेग वाढवला. मी सहज विचारलं, "आपा, इथं कधी बसावंसं नाही वाटत?"

ती म्हणाली, "बसू कुठे? आणि बसले तर काय म्हणून बसू?"

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला जागेचा आहे आणि दुसरा परवानगीचा. मी इंजिनिअर आहे, त्यामुळे पहिला लगेच कळला. दुसरा कळायला वेळ लागला. शहरातल्या जागा माणसांना का आवडतात यावर जगात बरंच संशोधन झालं आहे. ते वाचल्यावर माझं असं मत झालं आहे की हे दोन्ही प्रश्न आपण, म्हणजे डिग्री घेतलेल्या आपल्या पिढीने, आपल्याच मोहल्ल्यात मोजून बघायला हवेत. त्यासाठी फंड लागत नाही आणि परवानगीही लागत नाही.

न्यूयॉर्कचे रिकामे चौक

१९६१ मध्ये न्यूयॉर्क शहराने बांधकामाचे नवे नियम केले. उंच इमारत बांधणाऱ्याने खाली लोकांसाठी मोकळा चौक सोडला, तर त्याला जास्तीचं बांधकाम करायला मिळणार होतं. सोडलेल्या प्रत्येक चौरस फुटामागे दहा चौरस फुटांपर्यंत. बिल्डरांच्या दृष्टीने सौदा फायद्याचा होता. शहरभर चौक झाले, पण त्यातले बरेचसे ओस पडले. जागा होती, फरशी महागडी होती, नकाशे नामांकित आर्किटेक्टांचे होते आणि माणसंच नव्हती.

असं का होतं, याचा शोध विल्यम व्हाइट नावाच्या माणसाने घेतला. तो आर्किटेक्ट नव्हता, इंजिनिअरही नव्हता. तो पत्रकार होता, 'फॉर्च्यून' मासिकात काम केलेला. १९७० च्या आसपास त्याने काही तरुण मदतनीस घेतले, चौकांवर नजर पडेल अशा ठिकाणी छोटे कॅमेरे लावले, ठरावीक अंतराने चित्रं टिपली आणि मोजायला सुरुवात केली. कोण येतं, कुठे बसतं, किती वेळ बसतं, एकटं की जोडीने, बाई की पुरुष. १९८० मध्ये त्याने 'द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस' हे छोटं पुस्तक काढलं आणि त्याच नावाची फिल्मही केली.

त्याने आधी नेहमीचे अंदाज तपासले. ऊन जास्त आलं की लोक येत असतील? थोडाफार फरक पडायचा, पण त्यावरून चौकाचं नशीब ठरत नव्हतं. चौक मोठा असला की? नाही. आकार सुंदर असला की? तेही नाही. शेवटी त्याच्या हाती जे लागलं ते आमच्या अम्मीने चहा ढवळता ढवळता सांगितलं असतं. जिथे बसायला जागा आहे तिथे लोक बसतात.

हसू येतं, पण या एका वाक्यापर्यंत पोचायला मोजावं लागलं, कारण नकाशे काढणाऱ्यांना ते दिसत नव्हतं. आणि मोजल्यामुळेच त्याला पुढचे बारकावे सांगता आले. ओटा एक फुटापासून तीन फुटांपर्यंत उंच असला तर लोक बसतात. त्याची रुंदी तीस इंच असली तर दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून दोन माणसं बसू शकतात. हलवता येणाऱ्या सुट्या खुर्च्या लोकांना फार आवडतात. माणूस खुर्ची जेमतेम वीतभर सरकवून मगच बसतो, कारण आता ती त्याने स्वतः ठरवलेली जागा झालेली असते. पाणी, झाड, खाण्याची गाडी आणि बघायला दुसरी माणसं यांचा उपयोग होतो. १९७५ मध्ये न्यूयॉर्कने आपले नियम बदलले. चौकाच्या दर तीस चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बसायची जागा असलीच पाहिजे, असं कायद्यात आलं. एका पत्रकाराच्या मोजदादीतून शहराचा नियम बदलला.

या संशोधनातली एक गोष्ट माझ्या मनात सर्वांत जास्त राहिली. व्हाइटच्या लक्षात आलं की ज्या चौकांत बायकांचं प्रमाण जास्त, ते चौक सगळ्याच दृष्टीने चांगले चाललेले असतात. बसायची जागा बायका जास्त पारखून निवडतात. त्यामुळे एखाद्या जागेवर बायकांचं प्रमाण घसरलं, तर त्या जागेचं काहीतरी बिघडलं आहे असं समजावं. आमच्या धंद्यात सर्व्हर आजारी पडला हे एका आकड्यावरून आधी कळतं, तसाच हा आकडा आहे.

पाणचक्की का बसवून ठेवते

आता पुन्हा आपल्या शहरात येऊ. आपल्याकडे पाणचक्कीबद्दल बोलायचं म्हटलं की बहुतेक वेळा अभिमानाने बोललं जातं. व्हॉट्सॲपवर दोन ओळी फिरतात, खाली "आपला इतिहास" असं लिहिलेलं असतं आणि विषय तिथेच संपतो. मीसुद्धा असे मेसेज पुढे ढकलले आहेत. पण इंजिनिअर म्हणून त्या जागेकडे नीट पाहिलं तेव्हा अभिमानापेक्षा उपयोगाचं काहीतरी हाती लागलं.

पाण्याची कल्पना या शहराला जुनी आहे. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा वजीर झालेला हा माणूस. त्याने शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. पाणचक्कीची नहर वेगळी आणि नंतरची. बाबा शाह मुसाफिर या सूफींच्या दर्ग्याच्या आवारात १७४४ मध्ये ही चक्की उभी राहिली. दुरून, उंचावरच्या उगमापासून मातीच्या नळांमधून पाणी येतं. पाणी आपली पातळी शोधतं हा साधा नियम वापरून ते शेवटी भिंतीच्या माथ्यापर्यंत चढवलं आहे. तिथून ते खाली पडतं. त्या पडण्याच्या जोरावर चक्की फिरायची आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी, शिकणाऱ्यांसाठी पीठ दळलं जायचं. पंप नाही, वीज नाही.

पण बांधणाऱ्यांचं काम पिठापाशी थांबलं नाही. पाणी पुढे मोठ्या हौदात येतं आणि हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, म्हणून दुपारचं ऊन त्या छतातून सहज खाली पोचत नाही. शिवाय पाण्याची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता ओढून घेते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे जवळपास ०.६७ युनिट विजेएवढी. मे महिन्यात मराठवाड्यातल्या एका दालनाला हे किती मोलाचं असेल, ते कूलरसमोर झोपणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि आवाज. पडणाऱ्या पाण्याचा आवाज रस्त्यावरच्या हॉर्नना झाकतो. त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाशी हळू आवाजात बोलता येतं आणि तिसऱ्याला ते ऐकू जात नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६७ साली पेली पार्क नावाची एक चिमुकली बाग झाली. तिची रुंदी ४२ फूट आणि खोली १०० फूट. मागच्या भिंतीवरून वीस फुटांवरून पाणी पडतं, वर झाडांची सावली आहे आणि खाली सुट्या खुर्च्या. व्हाइटला ही बाग फार आवडायची. गर्दीच्या शहरात तिथे एकांत मिळतो, त्याचं एक कारण तो पाण्याचा आवाज. पाणचक्कीत अम्मी आणि आपा तासभर मनमोकळ्या बोलत होत्या, त्याचंही एक कारण तेच असावं. सावली, गारवा, टेकायला जागा, बघायला पाणी, कानावर पडणारा एकसारखा आवाज. यातलं प्रत्येक काम इंजिनिअरिंगचं आहे.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे कुणी म्हणेल, "आपल्या बायकांना बाहेर बसायची सवयच नाही, आपली तहजीब वेगळी." मग पाणचक्कीत बसल्या होत्या त्या कोण? त्याच बायका, तेच बुरखे, तीच घरं. पाणचक्कीत ज्या तासभर बसतात, त्याच मोहल्ल्याच्या चौकातून मान खाली घालून पंधरा सेकंदांत पुढे जातात. तहजीब दोन्हीकडे एकच आहे. जागा मात्र वेगळ्या आहेत.

वहीतल्या रेघा

पुण्याला परतण्याआधी मी एक प्रयोग केला. शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा चौकातल्या मित्राच्या दुकानात बसलो आणि वहीत रेघा ओढल्या. त्या तासात चौकात बसलेले पुरुष आणि मुलगे झाले सत्तेचाळीस. बसलेल्या बायका आणि मुली, एकही नाही. चौकातून चालत गेलेल्या बायका-मुली एकशे बारापर्यंत मोजल्या. मग दुकानात गिऱ्हाईक वाढलं आणि मी मोजणं सोडलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाणचक्कीत मोजलं, तर बसलेल्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या.

दोन तासांच्या मोजणीला मी संशोधन म्हणणार नाही. पण ज्या कट्ट्यावर कॉलेजच्या चार वर्षांत मी रोज संध्याकाळी बसलो, तिथे शून्य हा आकडा होता आणि तो मला कधी दिसला नव्हता, हे वहीने सांगितलं. मी स्वतः त्या सत्तेचाळीसपैकी एक होतो.

"बाक टाकला की टवाळखोर येतील"

आमच्या मोहल्ल्यात काही वर्षांपूर्वी सिमेंटचे दोन बाक आले होते. वर्षभरात ते गेले. रात्री उशिरापर्यंत मुलं बसतात, गोंधळ घालतात अशी तक्रार झाली आणि मोठ्यांनी मिळून ते उखडून काढले. त्यानंतर आजूबाजूच्या दुकानदारांनी पायऱ्यांवर लोखंडी गज बसवले, कुणी टेकू नये म्हणून. मुलं हॉटेलच्या कट्ट्यावर गेली. बाकावर दुपारी टेकणारी म्हातारी माणसं मात्र कुठेच गेली नाहीत, ती घरी बसली.

न्यूयॉर्कमध्येही नेमकं हेच झालं होतं. कठड्यांवर खिळे मारलेल्या जागा व्हाइटने टिपून ठेवल्या आहेत. त्याचं म्हणणं असं होतं की नको असलेली माणसं येतील या भीतीने जागा वाईट केली, तर चांगली माणसं आधी जातात आणि ज्यांची भीती होती तेच उरतात. उपाय उलटा आहे. जागा सगळ्यांना आवडेल अशी करा, म्हणजे एकाच टोळीची ती राहणार नाही. ब्रायंट पार्क ही न्यूयॉर्कची मोठी बाग सत्तरच्या दशकात अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या ताब्यात होती. रस्त्यापासून उंच, झुडपांनी आणि कुंपणाने झाकलेली, आत काय चाललंय ते बाहेरून दिसेना. व्हाइटने सांगितलं की बाग उघडी करा, आत यायला वाटा वाढवा, लोकांना बसू द्या. सुधारलेली बाग १९९२ मध्ये पुन्हा खुली झाली, तिथे हलक्या सुट्या खुर्च्या ठेवल्या गेल्या आणि शहराच्या सर्वांत गजबजलेल्या बागांपैकी ती एक झाली.

म्हणून आमचे दोन बाक चुकले ते बाक होते म्हणून चुकले नाहीत. ते अंधाऱ्या कोपऱ्यात होते, वर झाड नव्हतं, शेजारी कुणाला यायला कारण नव्हतं. आणि मुलांबद्दलही न्याय्य बोलायला हवं. दोन खोल्यांच्या घरात सहा-सात माणसं राहत असतील, तर एकोणीस वर्षांच्या मुलाने संध्याकाळी जावं कुठे? त्याला उठवून हाकलणं हा उपाय नाही. त्याच्याइतकीच जागा त्याच्या बहिणीलाही मिळावी, एवढंच म्हणणं आहे.

दुसरा प्रश्न: "काय म्हणून बसू?"

आपाच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला व्हाइटकडे मिळालं नाही. ते मुंबईत मिळालं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ मध्ये आलं. मुंबईतल्या बायका सार्वजनिक जागा कशा वापरतात, यावर त्यांनी काही वर्षं संशोधन केलं. त्यांचा मुद्दा सोपा आणि झोंबणारा आहे. बाईला घराबाहेर असायला कारण लागतं. भाजी आणायची आहे, मुलाला शाळेतून आणायचं आहे, नोकरीवर जायचं आहे. पुरुष विनाकारण उभा राहू शकतो, बाई नाही. पाणचक्कीत आपाला कारण होतं, दर्ग्याची जियारत आणि मुलीला मासे दाखवणं. चौकात कारण नव्हतं.

त्या लेखिकांनी आणखी एक गोष्ट बजावली आहे, ती आपण नीट ऐकली पाहिजे. बायकांच्या सुरक्षिततेचं नाव घेऊन गरीब पुरुषांना, मुसलमान पुरुषांना रस्त्यावरून हटवायचं, हा मार्ग त्यांना मान्य नाही. विनाकारण रेंगाळण्याचा हक्क सगळ्यांचा, असं त्या म्हणतात. आपल्या मोहल्ल्यांकडे बाहेरून आधीच संशयाने पाहिलं जातं. म्हणून या कामाची सुरुवात आतून आणि आपल्या हाताने झालेली बरी.

जागेची रचना बदलली तर ही परवानगीही थोडी सैल होते, याचा पुरावा ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात आहे. नव्वदच्या दशकात तिथल्या अभ्यासात दिसलं की नऊ वर्षांच्या पुढे बागांमधल्या मुलींची संख्या झपाट्याने कमी होते, मुलग्यांची तशी होत नाही. बागेत एकच मोठं मैदान असायचं आणि त्यासाठी मुलग्यांशी भांडावं लागायचं, म्हणून मुली यायच्याच बंद व्हायच्या. १९९९ मध्ये शहराने दोन बागा बदलून बघितल्या. मोठी जागा लहान लहान भागांत विभागली, चालायच्या वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनला जागा दिली. मुली परत आल्या. मुलग्यांना कुणी हाकललं नाही.

हे वाचलं तेव्हा माझी भाची आठवली. ती दहा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती गल्लीत सायकल चालवायची. आता सायकल जिन्याखाली आहे. तिला कुणी नाही म्हटलेलं नाही. तिने स्वतःच थांबवलं, असं घरात सगळे म्हणतात.

मग जबाबदार कोण?

मला माहीत आहे, इथे काही वाचक म्हणतील की हे सगळं सोडून तू आपल्याच लोकांवर का घसरतोस? आपण दाटीवाटीने राहतो ते हौसेने नाही. दुसऱ्या भागात घर भाड्याने मिळत नाही, दंगलीच्या आठवणी आहेत, विकास आराखड्यातली बाग वर्षानुवर्षं कागदावरच राहते. हे सगळं खरं आहे. पुण्यात घर शोधताना मीही नाव सांगितल्यावर फोन बंद झालेले अनुभवले आहेत. मुसलमानांचं एकाच वस्तीत गोळा होणं आणि त्या वस्त्यांकडे सरकारी सोयींचं दुर्लक्ष याची नोंद सच्चर समितीने २००६ मध्येच केली आहे. बाग मागायला हवी, रस्त्यावरचे दिवे मागायला हवेत आणि ते आपला हक्क म्हणून मागायला हवेत.

पण चौकातला तो शून्य महापालिकेने एकटीने केलेला नाही. बाक आपण काढले. गज आपण लावले. मशिदीच्या बाहेरची मोकळी जागा मोटरसायकलींना आपण दिली. ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत त्याबद्दल गप्प राहून फक्त वर बोट दाखवलं, तर आपल्या मागणीत जोर राहत नाही. आणि हातात आकडे असले तर मागणी करणाऱ्याचं कुणी तोंड बंद करू शकत नाही. "आमच्याकडे सोयी नाहीत" या तक्रारीपेक्षा "या चौकातून संध्याकाळी तासाला शंभराहून जास्त बायका जातात आणि त्यांना टेकायला एक फूट जागा नाही" हे वाक्य कुठल्याही अधिकाऱ्यासमोर जास्त टिकतं.

एक वही, एक तास

तर माझी विनंती आहे. तुम्ही कुठल्याही शाखेचे असा, तुमच्या मोहल्ल्यातली एक जागा निवडा. आठवड्यातले दोन दिवस, एक कामाचा आणि एक सुट्टीचा, संध्याकाळी एक तास मोजा. बसलेले पुरुष, बसलेल्या बायका, मुलगे, मुली, म्हातारी माणसं. सावली कुठे पडते, दिवा कुठे आहे, टेकायला किती फूट जागा आहे तेही लिहा. कुणाचे फोटो काढू नका, चेहऱ्यांची गरज नाही, फक्त रेघा पुरतात. आणि हे काम एकट्या मुलांनी करू नका. बहिणीला बरोबर घ्या.

हे शेवटचं मी अनुभवाने सांगतो. मी पुण्याला आल्यावर आपाने माझ्याच वहीत एक दिवस मोजलं. तिने माझ्या रकान्यांमध्ये आणखी एक रकाना वाढवला, "उभ्या असलेल्या". मशिदीच्या मागच्या गल्लीत मुलांचे अरबीचे वर्ग सुटेपर्यंत अकरा बायका अर्धा तास भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यातल्या एकीच्या कडेवर मूल होतं. मी चार वर्षं त्या चौकात बसलो, वही घेऊन मोजलंही, तरी या अकरा जणी माझ्या हिशोबात नव्हत्या. माझ्या यादीत त्यांच्यासाठी रकानाच नव्हता.

तिच्या त्या रकान्यात दोन्ही प्रश्नांचं उत्तर होतं. बायकांना थांबायला जिथे आधीच कारण आहे, तिथे बसायची जागा करा. वर्गाबाहेर, दवाखान्याबाहेर, शाळेच्या फाटकाजवळ. परवानगीचा प्रश्न तिथे निम्मा सुटलेला असतो. तिथे ओटा, एक कडुनिंब, एक दिवा आणि आपल्या जुन्या रिवाजाप्रमाणे पाण्याची एक सबील असली, की कारण नसलेल्याही हळूहळू टेकायला लागतील.

ट्रस्टच्या मंडळींकडे आम्ही वही घेऊन गेलो. एक बुजुर्ग आधी म्हणाले, "बायका बसल्या तर लोक काय म्हणतील?" दुसरे म्हणाले, "उभ्या आहेतच की, तेव्हा लोक काय म्हणतात?" मग त्यांनी नकाशा मागितला. अजून काही पक्कं झालेलं नाही.

नकाशा मी काढतो आहे. भिंतीलगत अठरा फूट लांबीचा ओटा आहे. त्याच्या उंचीवरून सध्या माझं आणि आपाचं जमत नाही. मी म्हणतो एक फूट चालेल, तेवढ्यावर लोक बसतात असं मोजून सिद्ध झालं आहे. ती म्हणते दीड फूट कर, अम्मीच्या गुडघ्यांनी मोजलं आहे.